पाहुणचार बंद करणाऱ्या मोठ्या बाई

आमच्या मोठ्या बाईंना कुणी पहिल्यांदा भेटलं की त्याचा थोडा अपमान झाल्याशिवाय राहायचा नाही. त्या टाकून बोलायच्या असं नाही. पण दारात माणूस उभा राहिला की "या, बसा" हे शब्द त्यांच्या तोंडून यायचेच नाहीत. त्या म्हणायच्या, "आलात? बरं झालं. हे जरा धरा." आणि तुमच्या हातात काहीतरी यायचं. ओल्या लुगड्याचं दुसरं टोक, नाही तर निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप. आळीतले सगळ्यांत मोठे बागायतदार रावसाहेब एकदा पांढऱ्याशुभ्र धोतरात शाळेला भेट द्यायला आले, तर बाईंनी त्यांच्या हातात फळा काळा करायच्या कोळशाची वाटी दिली. रावसाहेब वाटी धरून उभे राहिले आणि बाई फळा सारवत त्यांच्याशी शाळेच्या कौलांविषयी बोलत होत्या. कौलं त्याच आठवड्यात आली.

त्यांचं नाव भागीरथीबाई. गावाने त्यांना मोठ्या बाई केलं ते हुद्द्यावरून, कारण उंचीने त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. नऊवारी लुगडं, कानामागे दोऱ्याने बांधलेला चष्मा आणि बारमाही छत्री. आणखी एक सवय होती. शाळेच्या कुंपणाच्या आत त्या मला "इंदूबाई, तुम्ही" म्हणायच्या आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की "इंदे, तू." फाटकातच उभं राहून बोलायची वेळ आली तर त्यांची पंचाईत व्हायची, म्हणून फाटकात त्या कधी थांबतच नसत.

आमची मुलींची शाळा गास गावाच्या बाजूला, केळीच्या वाड्यांच्या मधोमध होती. शाळेचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. मोठ्या बाई मुख्य, मी दुसरी, आणि तिसरी जागा नव्या बाईंची. मी याच आळीतली लेक आणि याच आळीतली सून. मी टिकून राहिले याचं कधी कुणी कौतुक केलं नाही, कारण मला जायला दुसरं गावच नव्हतं. खरा घोळ तिसऱ्या जागेचा होता. ट्रेनिंग संपवलेली कोवळी मुलगी जूनमध्ये यायची आणि दिवाळीला गेली की परत यायची नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी तिसरीतल्या मुलीला विचारलं, "तुझ्या बाईंचं नाव काय?" तर ती म्हणाली, "आताच्या, का गेल्या त्यांचं?"

गावाकडे याची कारणं तयार होती. पाणी मचूळ, डास फार, शहरातल्या मुली नाजूक. मोठ्या बाई म्हणायच्या, "दोष तुमच्या केळ्यांचा आहे." आम्हाला वाटायचं, बाईंचं काहीतरी बिनसलंय.

त्याचा अर्थ मला पुढे कळला. एका सालची नवी बाई म्हणजे कुसुम, पुण्याची. तिला रावसाहेबांनी आपल्या माडीवरची खोली दिली. पहिल्या दिवसापासून घराघरांतून राजेळी केळी, वाळवलेल्या सुकेळ्यांचे पुडे, अबोलीचे गजरे. ती कुणाच्या ओटीवर गेली की तिला खुर्ची, आणि घरातल्या बायका खाली उभ्या. तिला विहिरीवर कुणी घागर उचलू दिली नाही. एवढंच नाही, तिच्यासमोर बायका बोलतही नसत. आपली घरची बोली बाईंसमोर कशी बोलायची, म्हणून सगळ्या गप्प, आणि पुस्तकातली भाषा यायची नाही, म्हणूनही गप्प. केळ्यांच्या राशीत ती पोर बिचारी मुकी होऊन बसायची. दिवाळीला ती गेली तेव्हा अख्खी आळी टांग्यापर्यंत पोचवायला आली. बायकांनी ओटी भरली, डोळे पुसले, टांग्यात घड ठेवायला जागा उरली नाही.

टांगा वळला आणि मोठ्या बाई मागे फिरून म्हणाल्या, "निरोप इतका छान दिलात, की पुढची त्या निरोपासाठीच येईल." कुणी हसलं नाही. मी तर मनातून चिडलेच. आम्ही प्रेम केलं आणि वर बोलणी आम्हालाच.

त्याच सालात बोर्डाचे साहेब येऊन गेले. बाई गेली कित्येक वर्षं सातवीचा वर्ग मागत होत्या. सातवीची फायनल पास झाली की मुलीला स्वतःला मास्तरीण होता यायचं. नाही तर सहावी झाली की फुलं तोडायला वाडीत, आणि मग लग्न. मुलांच्या शाळेत मोठ्या मुली पाठवायला कुठलंच घर तयार नव्हतं, हिंदूंचं नाही आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांचंही नाही. साहेब म्हणाले, "भागीरथीबाई, वर्ग मागता, पण शिकवायला माणूस कुठे टिकतो तुमच्याकडे? नवी बाई वर्षभर राहिली तर सातवी देतो. नाही राहिली, तर या मुलींना घरी बसवा."

पाचवीच्या वर्गात तेव्हा हिरा होती, फिलोमेना होती, आणखी पाच-सहाजणी. त्या दारामागून ऐकत होत्या हे बाईंना ठाऊक होतं. साहेब गेल्यावर त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना? मग लागा अभ्यासाला. बाई टिकवायचं माझ्याकडे लागलं."

जूनच्या आधी त्यांनी देवळासमोर बायकापुरुष सगळ्यांना जमवलं आणि सरळ सांगितलं, की नव्या बाईंचा पाहुणचार करायचा नाही. केळी नाहीत, खुर्ची नाही, घागर कुणी उचलून द्यायची नाही.

रावसाहेब उठूनच उभे राहिले. "बाई, गावाची अब्रू जाईल."

"अब्रू तुमची, पण मुली कोणाच्या?" बाई म्हणाल्या. "पाहुणा म्हणजे कोण? जो जाणार आहे तो. तुम्ही पोरीला पहिल्या दिवशी खुर्चीवर बसवता, तेव्हाच तिला सांगता की बाई, तू आमची नव्हेस. मग ती जाते. तुम्ही म्हणता नाजूक."

बयाआजी पुढे बसली होती. तिचा आवाज असा, की एका वाडीत बोलली तर पलीकडच्या वाडीतला रहाट थांबायचा. ती म्हणाली, "म्हंजे बाय, मानूस दारात आल्यावर पानी पन नाय विचारायचं? ह्ये कोनचं शास्तर?"

"विचारा की. पण असं विचारा, की बाई, माठात पाणी आहे, घ्या, आणि येताना मलाही आणा." मग चष्मा वर करून बाई म्हणाल्या, "आजी, मी इथे आले तेव्हा मलाही वर्षभर खुर्चीच होती. पेटी भरून तयार होती माझी. मग एक दिवस विहिरीवर माझी घागर तुमच्या घागरीवर आदळली आणि तुम्ही मला काय काय बोललात ते आठवतंय? माझ्या डोळ्यांपासून सुरुवात केलीत आणि माझ्या माहेरापर्यंत गेलात."

"मी?" बयाआजी म्हणाली. "मी कवा?"

"बोललात. घरी जाऊन पोटभर रडले आणि पेटी रिकामी केली. इतकं बोलणारं माणूस मला कुणी मिळालंच नव्हतं ना. म्हणून मी आज इथे आहे."

सगळे हसले, पण पटलं कुणालाच नाही. शेवटी बयाआजीनेच निकाल लावला. "बाय सांगतेय तं करा. येक वरीस केळी आपन खाऊ."

मालती आली ती साताऱ्याकडची. वय एकोणीस-वीस, दोन वेण्या, आणि बोलताना खाली बघायची सवय. तिला माडी मिळाली नाही. बाईंनी तिला बयाआजीच्या मधल्या घरात ठेवलं, जिथे कोंबड्या, नातवंडं आणि सुकत टाकलेल्या गोधड्या यांच्यातून वाट काढावी लागे. पहिल्याच संध्याकाळी बयाआजीने तिला लसूण सोलायला बसवलं आणि साताऱ्याकडे लसूण असाच सोलतात काय म्हणून तिची टिंगल केली. विहिरीवर तिला दोर धरता येईना, तर बायका खो खो हसल्या. मालती रडली. पुढचे आठ दिवस ती जवळजवळ रोजच रडली. तळहाताला फोड आले.

मी बाईंशी भांडले. "तुम्ही दगड आहात," असं तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "असेन. पण दोर तिचा तीच ओढेल." मात्र दोन दिवसांनी विहिरीवरचा काथ्याचा खरबरीत दोर नाहीसा झाला आणि तिथे मऊ सुती दोर आला. जुना दोर कुणी मेल्याने चोरला म्हणून बयाआजी आठवडाभर ओरडत होती. मला तो बाईंच्या खाटेखाली दिसला.

दुसरं भांडण वर्गावरून झालं, आणि ते माझ्या स्वार्थाचं होतं. आमच्याकडे काय, सगळ्याच शाळांत रीत अशी, की नवीन येईल त्याच्या गळ्यात पहिलीच्याही आधीचा बिगरीचा वर्ग घालायचा. रडणारी, शेंबडी, निम्मी चड्डीत मुतणारी पोरं, आणि गळकी पडवी. वरचा वर्ग जुन्या माणसाचा. त्या हिशेबाने सहावी माझी. बाईंनी ती मालतीला दिली, मला मधले वर्ग दिले आणि बिगरी स्वतः घेतली. मुख्य बाई बिगरीला! मी विचारलं, "माझं काय चुकलं?"

"तुमचं काही नाही, इंदूबाई," त्या म्हणाल्या. आम्ही कुंपणाच्या आत होतो. "पण बिगरीत नव्या माणसाला नुसता कालवा ऐकू येतो. आपण शिकवलेलं पोचलं की नाही हे कळायला वर्ष जातं, आणि तोवर ते माणूस निघून जातं. तिला असा वर्ग हवा की ज्यातून उत्तर परत येतं. माझं काय, मला कालव्याची सवय आहे."

राग माझा गेला नाही, पण मधले वर्ग मी घेतले.

आणि मग शनिवारचे वाल. शनिवारी सकाळची शाळा. सुटली की बाईंच्या खोलीत आम्ही तिघी मोड आलेले वाल सोलायला बसायचो. भिजवलेल्या वालाचं साल बोटाच्या चिमटीत धरून दाबलं की दाणा टुणकन बाहेर येतो. त्या कामाला डोकं लागत नाही, म्हणून बोलायला बरं. बाईंचा नियम असा, की या आठवड्यात आपला कुठला धडा बिघडला ते प्रत्येकीने सांगायचं. चांगला झालेला सांगायचा नाही, बिघडलेलाच. आणि वाल संपेपर्यंत कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही.

सुरुवात त्या स्वतः करायच्या. "बुधवारी मला बिगरीने हरवलं," त्या सांगायच्या. "एकीला आई आठवली, तिचं बघून सगळ्या रडल्या. मी गाणं म्हटलं तर आणखी रडल्या. शेवटी मीही कंटाळून भिंतीला टेकून बसले." मालती ऐकत राहायची. इतक्या वर्षांच्या बाईंना बिगरी हरवते, आणि त्या तसं बोलून दाखवतात, हे तिला खरंच वाटेना. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी ती पहिल्यांदा बोलली. हिशेब शिकवताना तिचंच उत्तर चुकलं होतं, फिलोमेनाने ते दाखवलं, आणि हिने तिलाच उलट रागावून खाली बसवलं होतं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोंड उघडलं, तर बाईंनी नुसती वालाची परात माझ्याकडे सरकवली. वाल संपल्यावर त्या म्हणाल्या, "सोमवारी फिलूला सांगा, तुझं बरोबर होतं. बस्स." मालतीने सांगितलं. त्यानंतर त्या वर्गाचा रंगच बदलला.

दिवाळीला मालती घरी गेली आणि परत आली. मला आश्चर्य वाटलं, बाईंनी ते दाखवलं नाही. पण तिचे हात तिच्या आईने पाहिले होते. पंधरा-वीस दिवसांनी एका शनिवारी सकाळीच तिचे वडील टांगा घेऊन दारात. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, कचेरीतली नोकरी. पुण्याला एका हापिसात तिच्यासाठी जागा बघून आले होते. मालतीची पेटी आदल्या दिवशीच भरलेली होती हे आम्हाला तेव्हा कळलं. ती खाली मान घालून उभी. मी बाईंकडे बघितलं. सातवी, हिरा, फिलू, सगळं त्या टांग्यात बसून चाललं होतं.

बाई म्हणाल्या, "जायचं की नाही ते मालतीबाई ठरवतील. मी अडवणार नाही. फक्त एक. मुलींना त्यांनी स्वतः सांगायचं. आजवर गेलेल्या प्रत्येकीचं मीच सांगत आले. आता माझ्याच्याने होत नाही."

मालती वर्गात गेली. दार तिने ओढून घेतलं.

वडील पडवीत येरझाऱ्या घालू लागले. "चहा मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"होतोय," बाई म्हणाल्या. "तोवर हे जरा धरा." आणि त्या गृहस्थांच्या हातात वालाची परात. त्यांनी परातीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यात त्यांना असं कुणी सांगितलं नसावं. खाली बसले. पहिला दाणा उडून त्यांच्या टोपीवरून गेला. बाई बिगरीवर निघून गेल्या, आणि बिगरीतून नेहमीसारखा कालवा सुरू झाला. मी माझ्या वर्गात उभी होते, पण सगळे कान भिंतीपलीकडे. आधी काहीच ऐकू येईना. मग हिराचा आवाज. मग मालतीचा. आणि मग खडू फळ्यावर घासल्याचा आवाज, तो शाळा सुटेपर्यंत थांबला नाही.

सुटल्यावर मालती बाहेर आली, हाताला खडू तसाच. वडिलांशेजारी येऊन बसली आणि परातीत हात घातला. आम्हीही बसलो, शनिवारच होता. मालतीच आधी बोलली. "या आठवड्यातला माझा बिघडलेला धडा आजचाच. मुलींना सांगायला गेले की मी जातेय. तोंड उघडायच्या आत हिरा म्हणाली, बाई, कालचं त्रैराशिक मला कळलं नाही, आज परत सांगते म्हणाला होतात. ते सांगत बसले. दुसरं सांगायचं जमलं नाही."

वडिलांनी घसा साफ केला. "मालती, मी काय म्हणतो..."

"वाल संपल्याशिवाय सल्ला नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांनी परत परातीत हात घातला. वाल संपायला पुष्कळ वेळ लागला. बाईंनी त्या दिवशी मुद्दाम जास्त भिजवले होते की काय, देव जाणे. संपल्यावर मात्र वडिलांना सल्ला आठवेना. टांगेवाला कंटाळून निघून गेला होता. ते त्याच वालांचं बिरडं आणि भात जेवले, रात्री बयाआजीच्या पडवीत झोपले आणि सकाळी एकटेच गेले. जाताना मुलीला म्हणाले, "दोर हळू ओढत जा."

मी नंतर बाईंना विचारलं, "आणि गेली असती तर?"

"तर पुढचीसाठी वाल भिजत घातले असते," त्या म्हणाल्या. "गेली म्हणून मी थांबणार होते का?"

सातवीचा वर्ग मिळाला. सहावीच्या त्याच मुलींना मालतीच वर चढवत घेऊन गेली. फायनलला बसलेल्या मुलींतल्या बहुतेक पास झाल्या, हिरा आणि फिलू दोघी ट्रेनिंगला गेल्या. मालती मग जाण्याचं नावच काढीना, आणि बयाआजीशी कडाकडा भांडायलाही शिकली. सगळं ठीक चाललं होतं, तेव्हा मोठ्या बाईंनी स्वतः होऊन बदली मागितली. गोखिवऱ्याकडच्या एका शाळेत तीन वर्षांत एकही नवा शिक्षक टिकला नव्हता म्हणे.

मी रडले, रागावलेही. "आम्हाला राहायला शिकवलंत आणि आता तुम्हीच निघालात."

"इथलं झालं, इंदे," त्या म्हणाल्या. "तिकडे बघायला हवं." आणि निरोपसमारंभ केलात तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही, असंही बजावलं. आळीला ते फार लागलं. रावसाहेबांनी शालजोडी आणून ठेवली होती.

त्या गेल्या ती सकाळ मला स्वच्छ दिसते. पेटी केळ्यांच्या बैलगाडीत पुढे गेली होती. बाई छत्री घेऊन आळीतून चालत निघाल्या. मला वाटलं होतं, बाईंनी काही म्हटलं तरी बायका धावून येतील, पाया पडतील. कुणी आलं नाही. कुणी ठरवलं होतं की आपोआप झालं, मला अजून माहीत नाही. कुणी ओटीवर बसून फुलं ओवत होतं, कुणी भांडी घासत होतं. जागचं कुणी उठलं नाही. नुसती मान वर करून एकेक जण सांगत होती.

"बाई, येताना सुई आना."

"बाई, स्टेशनात आमचा दादूस दिसला तं लवकर ये म्हनावं."

शाळेपाशी त्या क्षणभर थांबल्या. आत मालती तिसऱ्या जागेवर नव्या आलेल्या मुलीला फळ्याशी काहीतरी समजावत होती. तिने खिडकीतून बाईंना पाहिलं, आणि शिकवणं थांबवलं नाही. बाईंनी मान हलवली. मी माझ्या वर्गाच्या दारात होते, तिथून अख्खी आळी दिसायची. शाळेपलीकडे बयाआजीचं घर, आळीतलं शेवटचं. ती अंगणात मिरच्या पसरत होती. तिने तर मानही वर केली नाही.

"तिकडं मिठागरं हायत ना गं?" ती म्हणाली. "येशील तवा मीठ आन."

मोठ्या बाई तिथे थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच फाटलेला ऐकला.

"जाडं आणू, का बारीक?" त्यांनी विचारलं.